एल्विन टीगचा जामीन

सोमवार, ३ फेब्रुवारी २००३

आज कामाचा पहिला दिवस! कोर्स संपला, परीक्षा दुसऱ्या फटक्यात का होईना पास झाले, आणि आता मी, रोवेना साइझमोर, वय त्रेचाळीस, मिस्टर हॉलिस क्रील यांच्या, फी घेऊन आरोपींना जामीन राहायच्या ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलाशी बसते. खिडकीतून समोर काउंटीचं कोर्ट दिसतं, त्याच्या मागे तुरुंग, आणि कोपऱ्यावर ते हॉटेल, जिथं सकाळी ग्रेव्ही घातलेली गरम, मऊ पावासारखी बिस्किटं मिळतात. एकोणीस वर्षं मी कोंबडीच्या कारखान्यात, बिनखिडकीच्या गारठलेल्या हॉलमध्ये मांड्या सोलल्या. खिडकीचं सुख काय असतं ते मला विचारा.

गेल्या वर्षी कारखान्याला कुलूप लागलं. तेव्हापासून जिथं जाईन तिथं एकच उत्तर, कळवतो. डोंबल कळवतात! म्हणून हा जामीनदाराचा परवाना. माझ्या नावाचा परवाना, माझ्या नावाची पाटी, पाठीशी घड्याळ घेऊन उभा राहणारा मुकादम नाही. हे जमलं नाही तर पुढे काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही, त्यामुळे तो विचारच मी करत नाही.

सध्या परवाना कच्चा. वर्षभर मिस्टर हॉलिसच्या हाताखाली राहायचं, मग राज्याच्या विमा खात्याचा तपासनीस येऊन फायली बघणार, मग पक्का. मिस्टर हॉलिस चौऱ्याहत्तरचे, गॅलिस लावतात, बोलताना पेपरमिंट चघळतात. पहिला धडा आजच दिला. म्हणाले, मिस रोवेना, लोकांना वाटतं आपला धंदा पैशांचा. चूक. आरोपी तुरुंगाच्या दारातून सुटतो तो काही मोकळा होत नाही, तो आपल्या ताब्यात येतो. कोर्ट ‘सोडला’ म्हणेपर्यंत तो आपला, आणि तारखेला त्याला कोर्टापुढे उभा करायची हमी आपल्या सहीची. छत्तीस वर्षांत त्यांचा एकही माणूस तारीख चुकलेला नाही. तसं भिंतीवरच रंगवून घेतलंय त्यांनी. मला तर बाई ऐकूनच ऊर भरून आला. घरी येताना पेकनच्या दाण्यांची गोड पेस्ट्री घेतली आणि अर्धी एकटीनं संपवली.

सोमवार, १० फेब्रुवारी

सोमवार हजेरीचा. आपण ज्यांचे जामीन घेतलेत त्यांनी येऊन वहीत सही करायची, म्हणजे पळाले नाहीत एवढं कळतं. सकाळपासून रांग. दारू पिऊन गाडी चालवणारे दोघं, खोटे चेक देणारा एक, आणि एक बाई जिनं दिराच्या डोक्यात बिडाचा तवा घातला. तिनं मला तव्याचं वजनही सांगितलं.

दहाला पाच कमी असताना मिस्टर हॉलिस टोपी घालून न्हाव्याकडे गेले. दर सोमवारी जातात म्हणे. डोक्यावर मोजून अकरा केस, दर आठवड्याला न्हावी कशाला लागतो देव जाणे.

बरोबर दहाला एक जण आला. चाळिशीचा, तपकिरी सूट, रुंद टाय, केस नीट विंचरलेले. आज आलेल्यांत एवढा नेटका एकच. सही केली, एल्विन टीग. मग फार अदबीनं विचारलं की माझी तारीख कधी आहे. मी यादी बघितली, सापडेना. म्हटलं, मी चौकशी करून सांगते. तो थँक यू मॅम म्हणाला आणि बाकावर बसून राहिला. पंधरा मिनिटांनी बघते तर गेलेला. बरा माणूस वाटला. तारीखच सांगत नाहीत, करणार काय तो?

बुधवार, १९ फेब्रुवारी

बोटांचे ठसे दुसऱ्यांदा परत आले! परवान्याच्या अर्जाला दहा बोटांचे ठसे लागतात, आणि राज्याच्या ऑफिसातली बाई फोनवर सांगते की तुमचे ठसे वाचता येत नाहीत. अगं, येतील कुठून? एकोणीस वर्षं बर्फाचं पाणी आणि क्लोरीन, बोटं झिजून गुळगुळीत झालीत. तसं सांगितलं तर म्हणते, मॅम, त्यासाठी वेगळा फॉर्म आहे. फॉर्म कुठे? तर तो आम्ही पाठवत नाही, तुम्ही मागवायचा. म्हटलं, मागवतेय ना! म्हणे, लेखी. मी फोन ठेवला आणि पेन्सिल मोडली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

टीग आला. पुन्हा तोच सूट. त्यानं सही केली की शाई पसरते आणि पान फुगतं, खालच्या तीन जणांच्या सह्या बरबटतात. मी नवी पेनं आणली, पेन्सिल दिली, काही उपयोग नाही. हाताला घाम येत असेल. वास पण येतो, खालचा गाळ ढवळल्यावर येतो तसा. सांगायचं कसं हो एखाद्याला?

पुन्हा विचारलं, माझी तारीख कधी. तिसऱ्यांदा ‘चौकशी करते’ म्हणताना मला माझीच लाज वाटली. राज्याच्या ऑफिसातली ती बाई माझ्याशी वागते तसंच हे माझं वागणं.

बुधवार, ५ मार्च

सगळी कपाटं उपसून टीगची फाइल काढली. तळाच्या खणात होती. जामीन ऑक्टोबर १९७४ चा! आरोप, तंबाखूचं गोदाम पेटवल्याचा. म्हणजे हा बापाचा कागद आणि सोमवारी येतो तो मुलगा असणार, नाव एकच. मुलाच्या फाइलचा पत्ता नाही. ऑफिस आहे की उकिरडा?

मिस्टर हॉलिसना विचारलं. त्यांच्या तोंडातली पेपरमिंट खाली पडली. तो खण बंद करा म्हणाले, एवढंच. दहा मिनिटांनी आपणहून म्हणाले की तो येतो, सही करतो, जातो, कुणाला त्रास देत नाही, तुम्ही त्याच्याशी बोलू नका. एवढं खेकसायला काय झालं होतं? मला राग आला, पण वरिष्ठ पडले, खण बंद केला.

गुरुवार, २० मार्च

ठशांचं काम झालं एकदाचं. आणि त्याच दिवशी हे! मिस्टर हॉलिसनी त्यांचा परवाना पुढे चालू ठेवलेला नाही. एकतीस मार्चला संपतोय. जेवणाच्या सुट्टीत, पिमेंटो चीजचं सँडविच खाता खाता सांगितलं, जणू हवापाण्याच्या गप्पा. ॲरिझोनाला मुलीकडे राहायला जाणार म्हणाले, तिकडची हवा कोरडी. मग माझं काय, विचारलं. त्यांनी सँडविचची कड कुरतडली.

राज्याला फोन केला, चाळीस मिनिटं धरून बसले. त्या बाईनं सांगितलं की शेजारच्या काउंटीतला एजंट कागदोपत्री माझा वरिष्ठ होऊ शकतो आणि हे ऑफिस मी चालवू शकते. मी टाळीच वाजवणार होते. पण अट आहे. मिस्टर हॉलिसच्या नावावर एकही जामीन उघडा नको. एक जरी राहिला तरी ऑफिस बंद आणि माझा कच्चा परवाना रद्द.

गुरुवार, २७ मार्च

सगळे मिटले, नाहीतर माझ्या नावावर आले. एक सोडून. एल्विन टीग, १९७४.

कोर्टाच्या खिडकीशी व्हर्नेल असते, तीस वर्षं तिथं कारकून, तोंडानं फटकळ, मनानं सोन्यासारखी. तिला म्हटलं, एवढं मिटवून दे गं. ती म्हणाली, खटला मिटवायला सरकारी वकिलाला मूळ कागद लागतात, आणि मूळ कागद तळघरात पाइप फुटला तेव्हा लगदा झाले. मग कागद नाहीत म्हणून मिटव. तर म्हणे, बाई गं, जे नाही ते मिटवायचं कसं? बरं, खटला नाही म्हणून जामीन सोडव. तर खटला यादीवर आहे ना! दर सत्राला नाव पुकारतात, हॉलिस उभा राहून ‘माझ्या ताब्यात आहे’ म्हणतो, म्हातारा जज्ज पुढची तारीख टाकतो. अठ्ठावीस वर्षं. आता तर लोक हसतसुद्धा नाहीत.

मी विचारलं, बाप कुठे असतो हल्ली? व्हर्नेल म्हणाली, कुणाचा बाप? एल्विनचं लग्नच झालं नव्हतं. चांगला माणूस होता. गोदाम त्यानं जाळलंच नव्हतं, जाळणाऱ्यानं मरताना कबूल केलं, सगळ्या गावाला ठाऊक. त्याला फक्त एकदा कोर्टात उभं राहून सांगायचं होतं. मग कुठे गेला कोण जाणे. आज असता तर सत्तरीला टेकला असता.

मग सोमवारी येतो तो पुतण्याबितण्या असेल. दुसरं काय असणार?

सोमवार, ३१ मार्च

शेवटचा दिवस, आणि तो एक जामीन उघडाच. दुपारी तीनपर्यंत मी वेडीपिशी झाले होते. शेवटी मिस्टर हॉलिसनाच विचारलं, दुसरी काही वाट नाही का? म्हणाले, बदलीचा कागद असतो की. जुन्या जामीनदाराच्या जागी नवा. एक सही, विषय संपला. नाहीतरी नावापुरताच आहे तो. मग आधी का नाही बोललात, विचारलं, तर म्हणाले की अशी गोष्ट दुसऱ्याला मागू नये, त्यानं आपण होऊन विचारावी.

केली सही. कारखान्यात जाण्यापेक्षा बरं. आणि कारखाना तरी आहे कुठे?

मिस्टर हॉलिस रडायला लागले. माझा हात धरला आणि लहान मुलासारखे हुंदके. मला कसंतरीच झालं. छत्तीस वर्षांचं ऑफिस सोडून जायचं म्हणून असेल.

टीग आज दहाला आला होता. मी कागदांत बुडालेली. त्यानं विचारलं आणि मी वर न बघता खेकसले की इथं माझंच नशीब टांगणीला लागलंय, तुमच्या तारखेचं काय घेऊन बसलात? आता वाईट वाटतंय.

सोमवार, ७ एप्रिल

ऑफिस माझ्याकडे द्यायचं म्हणून तपासनीस शुक्रवारीच येऊन गेला. सगळ्या फायली पास! पाटी रंगवायला टाकली. मिस्टर हॉलिस त्याच दिवशी निघून गेले, निरोपाचं जेवणसुद्धा न घेता.

दहा वाजले, टीग आला नाही. बरं वाटलं, खरं सांगते.

संध्याकाळी घरी आले. माझं घर गावाबाहेर, गिरणीच्या तळ्याचा बांध ओलांडून पुढे, तिकडे कुणी सहज येत नाही. पायरीवर तो बसलेला. तोच सूट. माझा पत्ता कुणी दिला, विचारलं. तो म्हणाला, मॅम, जामीनदार जिथं तिथं मी, कागदात तसंच लिहिलंय.

म्हटलं, उद्या कागद वाचून बघते. मी दार लावून घेतलं. एक तासानं बघितलं, तर पायरी ओली.

मंगळवार, ८ एप्रिल

कागदात तसंच आहे.

फाइलच्या तळाशी फोटो चिकटलेला होता, आरोपीचा, ऑक्टोबर १९७४. तपकिरी सूट. रुंद टाय. पुतण्या नाही. मुलगा नाही.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन पुन्हा बघितला. तोच.

सोमवार, १४ एप्रिल

सत्र सुरू झालं. म्हातारा जज्ज निवृत्त झालाय, आता नवी बाई आली आहे, तिला कशाचीच चेष्टा चालत नाही. यादी पुकारली. एल्विन टीग. मी ठरवून गेले होते की खरं सांगायचं, हा माणूस मला सापडत नाही. पण तसं म्हटलं तर जामीन बुडाला आणि परवानाही, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मागच्या बाकावर तो बसलेला, मांडीवर हात ठेवून.

तोंडातून निघून गेलं, माझ्या ताब्यात आहे.

जज्जबाई म्हणाली, उत्तम, मग एकोणीस मेला समोर उभा करा. अठ्ठावीस वर्षं पुरे झाली. नाही केलात तर तुम्हालाच आत घालीन.

बाहेर आल्यावर व्हर्नेलनं विचारलं, तू मागे वळून वळून कुणाकडे बघत होतीस? मागचा बाक तर रिकामा होता.

मंगळवार, २२ एप्रिल

कायद्यात सोय आहे! जामीनदार आरोपीला केव्हाही तुरुंगात परत नेऊन देऊ शकतो. तिथं पावती मिळते, आपण मोकळे. कोर्समध्ये शिकवलं होतं, मीच गाढवीण विसरले.

आज तो गाडीत येऊन बसला होताच. नेला. तुरुंगाच्या सार्जंटला म्हटलं, हा परत घ्या. त्यानं बाहेर येऊन गाडीत वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. विचारलं, मिस रोवेना, जेवलात का आज? आत दोन पोरं हसत होती. सीट चिंब ओली होती, ती त्याला दाखवली. तो म्हणाला, काच लावत जा.

गाडीत बसून अर्धा तास रडले. भीतीनं नाही, संतापानं. जिवंत माणूस ज्या खिडकीशी न्यावा तिथं नियम सांगतात, मेलेला न्यावा तर जेवलात का विचारतात!

मेलेला. आता लिहिलंच.

सोमवार, २८ एप्रिल

मेला असेल तर जामीन आपोआप सुटतो. मृत्यूचा दाखला लावायचा, बस्स.

व्हर्नेल म्हणाली, दाखल्याला प्रेत लागतं. नाहीतर सात वर्षं बेपत्ता असल्याचा पुरावा. मी म्हटलं, सात काय, अठ्ठावीस आहेत! तिनं रजिस्टर माझ्याकडे फिरवून दाखवलं. दर सत्राला एकच नोंद, आरोपी ताब्यात. शेवटची चौदा एप्रिलची, माझ्याच तोंडची. शिवाय ऑफिसात दर सोमवारच्या सह्या आहेतच. ज्याची हजेरी लागलीय तो बेपत्ता कसा गं, ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून उठून आली आणि माझ्या हातात थंड चहाचा ग्लास दिला. तिला वाटतंय मला आराम हवाय.

रविवार, ४ मे

आता रोज येतो. पायरीवर नाही, स्वयंपाकघरात. खुर्ची ओढत नाही, उभाच असतो. मी टोस्ट भाजते, तो विचारतो. मी सांगितलं, मिळाली, मिस्टर टीग, एकोणीस मे. तर त्याचा चेहरा— इतका आनंद झाला त्याला. मला बघवेना.

शुक्रवार, ९ मे

मिस्टर हॉलिसनी फोन उचलला. नवव्यांदा लावल्यावर.

मी शिव्या द्यायलाच सुरुवात केली. ते ऐकून घेत होते. मग सांगितलं. त्या दिवशी तेच टीगला गाडीतून कोर्टात नेत होते. टीग पळणारा नव्हता, उलट घाई त्यालाच होती, साक्षीदार तयार होता. पण मिस्टर हॉलिसना धोका नको होता, एकही माणूस चुकला नाही ना त्यांचा! म्हणून त्याला बेडी घालून दाराच्या मुठीला अडकवलं. गिरणीच्या तळ्याच्या बांधावर हरीण आडवं आलं. गाडी तळ्यात गेली.

ते पोहून बाहेर आले. किल्ली खिशात होती. काठावर बसून राहिले. बुडबुडे थांबेपर्यंत बसलो, म्हणाले.

मग ओल्या कपड्यांनी कोर्टात गेले. नाव पुकारलं. संध्याकाळी खरं सांगू असं ठरवून त्यांनी म्हटलं, माझ्या ताब्यात आहे. पहिली तारीख जड गेली, पुढच्या सोप्या गेल्या. पुढच्या सोमवारी दहाला तो ऑफिसात आला, सही करायला.

मी विचारलं, माझ्या गळ्यात का घातलंत? मी काय केलं होतं तुमचं? म्हणाले, सही तुम्ही केलीत. आणि फोन ठेवला. आता लागतच नाही.

मंगळवार, १३ मे

काउंटीच्या पोलीसप्रमुखाकडे, शेरीफकडे गेले. म्हटलं, तळ्यात गाडी आहे, काढा. म्हणे, लेखी द्या. दिलं. नातेवाइकाची तक्रार हवी. नातेवाईक नाही. मग साक्षीदार. साक्षीदार फोन उचलत नाही. पाणबुड्या तीन काउंट्यांत मिळून एक, वीस जूननंतर मोकळा. माझी तारीख एकोणीस मे, मी ओरडले. तो म्हणाला, मॅम, आवाज खाली.

प्रेत मिळालं की दाखला. दाखला मिळाला की सुटका. माझी आणि त्याची. एवढं साधं आहे, आणि सगळ्या गावात एकाला पाण्यात बघायला सवड नाही.

शुक्रवार, १६ मे

पळून जायचं ठरवलं. बॅग भरली, राज्याच्या हद्दीपर्यंत गेले. शेजारच्या सीटवर तो होता. माझ्या बॅगेकडे बघत होता. फक्त— काळजी वाटली त्याला माझी. जामीनदार पळाला तर त्याचं काय होणार?

परत आले. पाटी रंगवून आलीय. दारात उभी आहे, माझ्या नावाची. बघवत नाही.

रविवार, १८ मे

ठरलं. उद्या नेते. कुणाला दिसो न दिसो. जज्जबाईपुढे त्याला उभा करते, म्हणते, हा घ्या, आणि तुरुंगात टाकलं तर टाकू दे. त्याला एकदा बोलू दे. मग तरी जाईल.

चर्चचा ड्रेस इस्त्री केला. कॉलर भाजली.

सोमवार, १९ मे, सकाळ

साडेआठला दार उघडलं तर गाडीत बसलेला. टाय नीट. म्हटलं, चला मिस्टर टीग, पोचवते. त्यानं मान हलवली.

बांधावर थांबलेय. मी नाही थांबवली— गाडीच बंद पडली. किल्ली फिरवते, नुसती घरघर. नऊला दहा कमी. इथून कोर्ट बारा मिनिटं. तळं शांत आहे, ऊन पडलंय, पलीकडे कुणाचा तरी ट्रॅक्टर चाललाय.

हाका मारल्या. ट्रॅक्टरवाल्यानं हात हलवला. त्याला वाटलं, मी हॅलो म्हणतेय.

उजवं मनगट— कधी अडकवलं कळलंच नाही. बेडीचं एक कडं त्याच्या डाव्या हातात, एक माझ्या उजव्या. गंजलेलं, थंड. वही मांडीवर आहे, डाव्या हातानं लिहितेय. लिहिणं थांबवलं तर—

तो रागावलेला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. समजावून सांगतोय, अदबीनं, की मागच्या वेळी जामीनदार बाहेर पडला म्हणून आपली सुनावणी राहिली. एकटा माणूस किती वाट बघणार? आरोपी आणि जामीनदार दोघं असलं की घेतात म्हणे आत—

गाडी सरकतेय. ब्रेकवर दोन्ही पाय देऊन— पुढे नाही, बाजूला, उताराकडे—

म्हटलं, कोर्ट तिकडे आहे, गावात! म्हणतो, नाही मॅम. ज्यांनी पुकारलं होतं ते सगळे आता इथं बसतात. म्हातारा जज्ज पण आलाय, गेल्या आठवड्यात वारला ना—

पाणी दाराशी. काच अर्धी

खालून पुकारा येतोय. त्याचं नाव. तो सरळ बसला, केस नीट केले. आता जामीनदाराचं. माझं पूर्ण नाव घेतायत, मधलंसुद्धा. मला हजर म्हणायचं नाहीये. तोंड घट्ट मिटलंय मी, पण पाणी नाकाशी आलं की तोंड उघडावंच